सावरून घेणारी माणसं

मामांच्या कारखान्यात कृत्रिम पाय बनत. पण गेल्या वर्षभरात कारखान्याची पार रया गेली होती. पाय वेळेवर मिळेनात, एक पाय गमावलेल्या माणसासाठी दोन तयार होत आणि दुसऱ्याचं माप घेऊनही कामाला हात लागत नसे. जुने कारागीर सोडून चालले होते. शेवटी मामांनीच भाचीला फोन केला. संस्थांची दुखणी शोधून देणं हाच तिचा व्यवसाय.

"चिंगे, जगाची घरं तपासत फिरतेस, जरा आमच्याकडेही बघ," ते म्हणाले.

वडील गेल्यावर मामांनीच तिला शिकवलं होतं. हातातलं काम बाजूला ठेवून ती आली.

आधी तिने कामाचा प्रवास मांडला. माप, प्लास्टरचा साचा, पाय, पट्टे, चालून बघणं. काम साच्याच्या खोलीत अडत होतं. म्हणजे तिथे माणसं कमी असावीत. मग कोण कोणाला विचारून काम करतं ते पाहिलं. जो तो दाराशी बसणाऱ्या मामीकडे जात होता, आणि मामीला तर कसलाच अधिकार नव्हता. म्हणजे अधिकारांचा घोळ. मग ती नुसती गप्पा मारत बसली, इथे काय बोलायचं नसतं ते कळावं म्हणून. मामांचा विषय निघाला की माणसं चहाच्या कपात बघू लागत. म्हणजे भीती.

तीन उत्तरं, आणि तिन्ही तिच्या गळी उतरेनात. एका दुपारी तिने तिन्ही चित्रं टेबलावर शेजारी शेजारी पसरली आणि एकाच पायाच्या मागे लागली. मामांनी सकाळी सांगितलेलं काम साचेवाला लगेच सुरू करत नाही. तो आधी मामीला विचारतो, आणि मामीने मान हलवली तरच प्लास्टर भिजवतो. हे कोणी बोलत नाही, पण ते भीतीपोटी नव्हे. तेच काम मामांनी आदल्या दिवशीही सांगितलं होतं. मामा विसरत होते, आणि अख्खा कारखाना ते झाकत होता. ज्यांना झाकणं जमेना, ते सोडून गेले होते.

मामीने काही नाकारलं नाही. "तुझ्यापासून लपवायचं नव्हतं गं," ती म्हणाली, "त्यांच्यापासून लपवायचं होतं."

पण बाहेर बाकावर माणसं कुबड्या घेऊन बसली होती. त्यांना काय सांगायचं, असं भाचीने विचारलं, तेव्हा मामीने पदराने डोळे टिपले आणि मामांशी तूच बोल म्हणाली.

मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मला वाटायचं, ही माणसं कामचुकार झालीत," ते म्हणाले. "मी ओरडलो गं सगळ्यांवर. एकानेही उलट उत्तर दिलं नाही."

मग त्यांनी स्वतःच साचेवाल्याला बोलावून कारभार त्याच्या हाती दिला.

कारखाना रुळावर आला. पाय वेळेवर जाऊ लागले, गेलेल्यांपैकी काही कारागीर परतले. आता मामांना विचारायची कोणाला गरजच उरली नाही. पूर्वी त्यांना सावरून घेताना माणसं दिवसभर त्यांच्या खोलीत ये-जा करत, तीच नावं, तीच मापं पुन्हा पुन्हा त्यांच्या कानावर घालत. त्या बोलण्याच्या आधारावर मामा उभे होते. ते थांबलं आणि ते झपाट्याने खचले. आधी ते दुपारीच घरी येऊ लागले, मग जायचेच बंद झाले.

ती ये-जा भाचीने आपल्या चित्रात तांबड्या रेघांनी दाखवली होती, दोष म्हणून. त्या रेघांवरून आणखी काय जात होतं, ते तिच्या कुठल्याच पद्धतीत बसलं नव्हतं.

पुढे ती भेटायला गेली तेव्हा मामा खिडकीशी बसले होते, दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. मामीने तिला एका शब्दानेही दोष दिला नाही. लोकांना पाय वेळेवर मिळतायत, एवढंच सांगून ती चहा टाकायला आत गेली.

भाची पुढे होऊन त्यांच्या पाया पडली. मामा गडबडले, घाईने सावरून बसले, आणि समोरच्या खुर्चीकडे हात करत अदबीने म्हणाले, "बसा ना. आपण कुठून आलात?"

तिने खुर्ची जवळ ओढली आणि कुठून आली ते सांगू लागली.