भिंतीवरून उडणारा टाय

मला कोणी म्हातारा म्हटलं की राग येतो, मित्रांनो. पण आता लपवू तरी काय? रंग विटला आहे, शेपूट उसवली आहे, छातीवर पळसाच्या पानाएवढा हळदीचा डाग आहे. होय, मी शाळेचा एक जुना टाय आहे. सध्या फाटकाच्या आतल्या बाजूला एका खिळ्यावर लटकलेला असतो, आणि वारा पडलेला असला तरी हलतच असतो. एका जागी राहायची सवयच मोडली माझी.

जन्मलो तेव्हा असा नव्हतो. मरून रंग, पिवळे तिरपे पट्टे, मधोमध शाळेचं बोधचिन्ह. मोठ्या माणसांचे टाय रोज बांधावे लागतात म्हणे. माझी गाठ मात्र मशीनवरच कायमची शिवून टाकलेली, आणि मागे इलॅस्टिकचा फास. डोक्यावरून ओढला की झाला टाय. या सोयीचं तेव्हा मला फार कौतुक वाटायचं. पुढे हीच सोय माझ्या जिवावर उठली.

देवरीच्या एका दुकानात आम्ही भावंडं खोक्यात एकमेकांवर पडून असायचो. माझं एकच स्वप्न होतं: एक गळा, एक पांढरा शर्ट, घरी गेल्यावर एक खुंटी. बाकी जगाशी आपल्याला काही घेणं नाही.

त्या वर्षी चिचगडच्या रस्त्यावरच्या एका शाळेच्या संस्थेने गणवेश बदलला. सूचना लागली, टाय नसलेला विद्यार्थी फाटकाच्या आत येणार नाही. टायचा उपयोग काय, हे मला आजतागायत कोणी सांगितलेलं नाही, मित्रांनो. पावसात माझी छत्री होत नाही, उन्हात टोपी होत नाही. पण सूचना म्हणजे सूचना. दुकानावर झुंबड उडाली. मला दुर्गेश्वरी नावाच्या मुलीने घेतलं. नववीतली, सडपातळ, बोलण्यात फटकळ. पहिल्याच दिवशी तिने मला आरशात पाहिलं आणि म्हणाली, "बैलाच्या गळ्यात बी घंटी असते त वाजते तरी. हा त मुकाच हाय."

मला अपमान वाटला, पण गळा चांगला होता. वाटलं, आता स्थिरस्थावर झालो.

आठवडाभरातच सगळं फिसकटलं.

झालं असं, की टाय संपले. दुकानदार म्हणाला, पुढच्या खेपेला येतील. ती खेप काही येईना. त्यात ज्यांना मिळाले होते त्यांचेही टाय टिकेनात. वर्गातल्या टीनाच्या टायने तिच्या धाकट्या भावाने मांजर बांधलं आणि मांजर टाय घेऊन पळालं. उमेंद्र म्हणायचा, त्याचा टाय बकरीने खाल्ला. खरं म्हणजे त्याने विळ्याच्या मुठीला गुंडाळला होता, घट्ट बसला म्हणून परत काढलाच नाही. आणि मंजूला तर टाय मिळालाच नव्हता. ती यायची सगळ्यात लांबून, चिचगडच्याही पलीकडून, जंगलातल्या गावातून. ती दुकानात पोचली तेव्हा खोक्यात फक्त उंदराच्या लेंड्या होत्या.

फाटकावर केशोराव सर उभे असत. खेळाचे शिक्षक. उंची अशी की ते वाकले तरी फाटकाच्या वरून दिसायचे. "चलो, लाइन में! नखं दाखव. बूट. टाय. टाय कुठे आहे? वापस."

मंजू वापस गेली. पण वापस जाणार कुठे? परतीची बस संध्याकाळची. पोरगी दिवसभर बसथांब्यावर दप्तर मांडीवर घेऊन बसून राहिली. दुसऱ्यांदा आली तेव्हाही तेच. तेव्हा तिच्या काकाने घरी सांगून टाकलं. ते तिने दुर्गेश्वरीला जसंच्या तसं ऐकवलं, आणि मी दोघींच्या मध्ये लोंबकळत ऐकलं.

"काका म्हणते, शाळाच घेत नाई तुले, त कायले बसचं डिझेल जाळतेस? आता एकडाव वापस आली का दप्तर माळ्यावर. मंग चाल धान कापाले."

"असं म्हणते?"

"म्हणते का, करते बी. माया मोठ्या बहिणीचं दप्तर अजून माळ्यावरच हाय."

दुर्गेश्वरीने मंजूच्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं. मग तिने मला डोक्यावरून काढलं. मला हलत राहायची कायमची सवय लागली ती त्या क्षणी.

आता इथे थोडं थांबून सांगायला हवं. दुर्गेश्वरीच्या गावात एक जुना तलाव आहे, पूर्वजांनी बांधलेला. तिचे आजोबा शालीकराम त्या तलावाचे पाणकर. पाणकर म्हणजे कोणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं ते ठरवणारा माणूस. आणि त्या गावात एक रीत आहे. पाणी पहिल्यांदा जातं ते सगळ्यात शेवटच्या बांधीला, म्हणजे तलावापासून सगळ्यात दूर असलेल्या धानाच्या शेताला. तिची तहान भागली की मग वरची, मग तिच्या वरची. तलावाला खेटून असलेल्याची बारी शेवटी. कारण जवळच्याने आधी घेतलं तर टोकापर्यंत काही उरतच नाही. हे त्या गावात पोरांना बाराखडीच्या आधी कळतं.

म्हणून दुर्गेश्वरीला दुसरं काही सुचलंच नाही. तिने टायला पाण्याचा कायदा लावला.

"टोकाची बांधी पहिले," ती म्हणाली. "मंजू सगळ्यात लांबची. पहिले मंजू जाईल. आतून मागच्या भिंतीवरून टाय फेकेल. मंग तिच्या अलीकडचा. मी शेवटी."

"तू कायले शेवटी?" उमेंद्र म्हणाला. "टाय त तुयाच हाय."

"मायं गाव शाळेच्या नाकावर हाय म्हणून."

झालं! मंजू मला घालून फाटकातून आत, शाळेला वळसा, मागची भिंत, गाठीत एक खडा खुपसला, आणि हूं! मी आकाशात. भिंतीपलीकडे टीना. टीना आत, वळसा, हूं! मग आमगावकडून मामाकडे शिकायला आलेला दुधराम. मग उमेंद्र. माझा श्वास बसायच्या आत पुन्हा हवेत. मित्रांनो, गोंदियाच्या विमानतळावरून विमान कधीमधी उडतं. मी रोज उडायचो, तेही सुट्ट्या वगळून. एकदा इतका उंच गेलो की एका बगळ्याने मला नातेवाईक समजून विचारपूस केली. दुसऱ्यांदा आंब्याच्या फांदीवरच्या वानराने मला वरच्यावर झेललं, गळ्यात घातलं आणि थेट फाटकाकडे निघालं. चपराशी सेवकरामने टाय पाहिला आणि त्याला वाट करून दिली. तो आता म्हणतो, असं काही झालंच नाही. पण मी त्या वानराच्या गळ्यात होतो, मला विचारा.

वर्गात तपासणी नसायची. प्रार्थनेला मात्र सगळे समोर उभे. तेव्हा बिनटायची पोरं हात असे जोडायची की जोडलेले तळवे नेमके हनुवटीखाली, टायच्या जागी. मुख्याध्यापक एकदा गहिवरून म्हणाले, इतकी श्रद्धा या शाळेत यापूर्वी पाहिली नव्हती.

पण माझे हाल कोणाला दिसायचे? एका गळ्याचा घाम वाळायच्या आत दुसऱ्या गळ्याचा. टीना घाबरट, तिचा गळा थंडगार. दुधरामचा गळा सारखा गिळत असायचा. उमेंद्रने तर एक दिवस डब्यातल्या भाजीत मला बुडवला, आणि हा डाग पडला तो पडलाच. रात्री दुर्गेश्वरीच्या खुंटीवरही मला झोप लागेना. वाटायचं, फेकला, आता फेकला. माझं इलॅस्टिक हळूहळू सैल होत होतं, आणि ते फक्त मला कळत होतं.

पाऊस ओसरला. उशिरा पिकणारा भारी धान निसवायला, म्हणजे लोंब्या टाकायला आला, तलावाचं शेवटचं पाणी सोडायचे दिवस आले. त्याच आठवड्यात शाळेत संस्थेचे पाहुणे येणार होते. आदल्या दिवशी सूचना आली: घंटेला फाटक बंद. त्यानंतर कोणीही आत येणार नाही, टाय असो वा नसो.

त्या सकाळी मागच्या भिंतीशी सगळे जमले. मंजूची बस आली नव्हती.

"येईल," दुर्गेश्वरी म्हणाली.

उमेंद्र चुळबुळायला लागला. "दुर्गे, पाच मिनिटं बी नाई रायले. मी जाऊन टाकतो ना व."

"नाई."

"अव, ती आली त तिले बी टाय फेकू ना आतून!"

"आन तू आत गेल्यावर पाहुण्यानं तुले धरलं त? टाय आतच रायला, मंजू बाहेर. वरच्यानं पाणी तोडलं का टोकाले काय पोचते?"

"इथं पाणी कुठं हाय? चिंधी हाय ती!"

दुर्गेश्वरीने मला मुठीत घट्ट धरलं. "चिंधी असो का सोनं. बारी मंजूची."

टीना रडवेली झाली, दुधराम गिळत राहिला, पण कोणी हललं नाही. उमेंद्रही पाय आपटून तिथेच बसला. मी तिच्या मुठीत घामाघूम. मला कधी नव्हे ते वाटलं, फेका मला, कुठेही फेका, पण हे थांबणं नको!

तेवढ्यात भिंतीच्या कोपऱ्यावरून सावली आली. लांबच लांब. केशोराव सर.

"इथे काय चाललंय? दुर्गेश्वरी, टाय हातात आहे ना? मग बाहेर काऊन उभी आहेस?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या डागाकडे पाहिलं. मग एकेका मोकळ्या गळ्याकडे.

"हा डाग," सर हळूच म्हणाले, "मी पोळ्यापासून पाहून राहिलो. रोज वेगवेगळ्या पोरांवर. मला वाटलं डोळ्यांचा नंबर वाढला."

"सर, मंजूची बस नाई आली," दुर्गेश्वरी म्हणाली. "आज ती वापस गेली का तिची शाळा बंद. टोकाची बांधी पहिले, सर. आमी मंग येऊ."

सर मिशीवरून हात फिरवत राहिले. एक गोष्ट तिथे उभ्या सगळ्यांना माहीत होती: शालीकरामच्या तलावाखालची सगळ्यात टोकाची बांधी खुद्द केशोराव सरांची होती. परवाच या शेवटच्या पाण्याची पहिली बारी तिला मिळाली होती. वरच्यांचे धान कोरडे उभे होते आणि सरांची बांधी भरली होती.

सर वळून फाटकाकडे निघून गेले.

घंटा झाली. सेवकराम फाटक लावायला धावला. आणि आम्ही भिंतीच्या कोपऱ्यावरून काय पाहतो? नेमके फाटकाच्या मधोमध सर खाली वाकलेले. बुटाची नाडी बांधत होते.

"सर, जरा सरका ना, फाटक लावाचं हाय," सेवकराम म्हणाला.

"थांब बे. नाडी सुटली."

नाडी काही बांधून होईना. एक गाठ, दुसरी गाठ, पुन्हा सोडली, पुन्हा धरली. आतून मुख्याध्यापकांनी हाक मारली. सर वाकलेलेच. सेवकराम फाटक धरून उभा. तेवढ्यात लांबवर धूळ दिसली, हॉर्न वाजला, आणि बस पुरती थांबायच्या आत मंजूने उडी टाकली. पळत आली. दुर्गेश्वरीने मला हवेतूनच तिच्या गळ्यात टाकलं.

मंजू फाटकाशी थांबली, धापा टाकत. सर वाकल्या वाकल्या वर बघून म्हणाले, "टाय आहे. जा."

मग मी उडालो. टीना आली. "टाय आहे. जा." दुधराम. "टाय आहे. जा." उमेंद्र आला तो छाती फुगवून, डाग सरांच्या डोळ्यांपुढे धरून. सरांनी तोंड दुसरीकडे केलं. "आहे. जा, जा."

शेवटी दुर्गेश्वरी. मी भिंतीवरून आलो, तिने मला डोक्यावरून ओढलं, आणि तट्! माझं इलॅस्टिक तुटलं. इतके दिवस धरून ठेवलेलं सगळं एकदम सुटलं. ती फाटकावर आली तेव्हा मला हाताने गळ्याशी धरून होती.

सर सरळ उभे राहिले. माझ्याकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं.

"टाय आहे," ते म्हणाले. "जा."

आणि मित्रांनो, त्यांच्या बुटांना नाडीच नव्हती. चेनवाले बूट होते.

नियम काही गेला नाही. संस्था ती संस्थाच. दुसऱ्या दिवशी मात्र फाटकाच्या आत एक खिळा ठोकलेला दिसला. कोणी ठोकला हे सेवकरामला माहीत नाही, वानराचं माहीत नव्हतं तसंच. दुर्गेश्वरीच्या आईने माझ्या तुटक्या इलॅस्टिकच्या जागी परकराची नाडी शिवून दिली, आणि मी त्या खिळ्यावर आलो. ज्याचा टाय विसरला, हरवला, बकरीने खाल्ला, त्याने मला घ्यायचं, सरांपुढून दोन पावलं चालायचं आणि परत लटकवायचं. नवीन टायची खेप नंतर आलीच. मंजूकडेही आता स्वतःचा आहे. ती दहावीला आहे, आणि तिचं दप्तर माळ्यावर गेलेलं नाही.

मला हवी होती ती खुंटी शेवटी मिळाली. तरी मी हलतो. तेव्हा माझं एवढं ऐका. तुमचा टाय धुवा, उसवला तर टाका घाला, त्याने सायकल पुसू नका. आणि रोज सकाळी आरशासमोर तो नीट करून झाला की एकदा रस्त्याकडेही बघा. कोण अजून यायचं राहिलं आहे ते बघा.

ही बघा, घंटा झाली. सेवकरामचा हात कडीवर आहे. अरे, जरा थांब ना गड्या. धूळ दिसते आहे तिकडे.