वायुबाबांची नळी

हॉल खचाखच भरला होता. मागचे पुढच्यांना ढकलत होते, मुलं किरकिरत होती. तेवढ्यात वायुबाबा मंचावर आले. एका हातात प्राणवायूच्या सिलिंडरची नळी, दुसऱ्या हातात माझ्या दादाचं मनगट.

"हा शिंपी!" बाबा गरजले. "परवा वाकडं तोंड आणि लुळा हात घेऊन आला. मी फक्त वायू दिला. वायू म्हणजे प्राण, प्राण म्हणजे मी! चालव रे कात्री!"

"म्हणजे बाबा सिलिंडरमध्ये भरून मिळतात," मी पुटपुटले. शेजारच्या बाईने डोळे वटारले.

दादा कापड कापू लागला. टाळ्या कडाडल्या. मला मात्र चैन पडेना. परवापासून मी त्याच्या मागे लागले होते, डॉक्टरला दाखव म्हणून. त्याचं एकच, "बरा झालोय ना?"

अचानक कात्री खाली पडली. दादाला ती उचलता येईना. ओठाचा कोपरा ओघळला, तोंडातून नुसते अडखळते आवाज येऊ लागले. मी मंचाकडे धावले.

बाबांनी घाईघाईने नळीचा मास्क दादाच्या तोंडावर लावला. "कोणी हलवू नका! वायू काम करतोय!"

"थांबा ना वन्सं," वहिनीने मला अडवलं. "मागच्या वेळीही थोड्या वेळाने उतरलं होतं."

"वहिनी, हात बघा त्याचा! वेळ घालवू नका."

"नळी काढलीस तर भावाचा जीव तुझ्यामुळे जाईल," बाबा म्हणाले.

खरंच गेला तर? तरी मी म्हटलं, "नका काढू नळी. तुम्हीच चला हॉस्पिटलपर्यंत, वायू देत देत."

बाबा दोन पावलं मागे सरले. वहिनीने ते पाहिलं. तिने दादाचे पाय उचलले, मी खांदे धरले.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंनी दादाच्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला. रक्तात प्राणवायू पुरेसा होता. तपासणीत मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी दिसली. ती विरघळवायचं औषध लगेच सुरू झालं.

"मग परवा बरे कसे झाले?" वहिनीने विचारलं.

"तेव्हा रक्ताचा रस्ता आपोआप मोकळा झाला. तो धोक्याचा इशारा होता, श्रेय मात्र नळीने घेतलं. रक्तच पुढे जात नसेल, तर त्यात आणखी प्राणवायू भरून काय उपयोग? गुठळी काढताना जोडीला प्राणवायू दिला तर मेंदू जास्त वाचतो का, यावर संशोधन चाललंय. पण जोडीला, उपचाराऐवजी नव्हे."

"आणि बाबांकडचे बाकीचे बरे झालेले?"

"जे आपोआप सावरले, ते मंचावर येतात. जे नाही सावरले, त्यांना कोण बोलावतंय?"

दादा वाचला. बोलणं परत आलं. उजवा हात अजून पुरता वळत नाही. बाबांच्या पुढच्या सभेत वहिनी दादाला धरून थेट मंचावर चढली. बाबांनी माइककडे हात नेला, पण तो आधीच तिच्या हातात होता.

"तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, तर तडक हॉस्पिटल गाठा," ती म्हणाली. "घटकाभरात बरं वाटलं तरीसुद्धा. ह्यांचा हात मी इथे वाट बघण्यात घालवला. तुम्ही नका घालवू."

मागच्या रांगेतला एक माणूस उठला. बायकोला आधार देत तो दाराकडे निघाला.