मैनुद्दीनची शीळ

मैनुद्दीननं शीळ घातली की हरणं धावत कुंपणाला येऊन भिडायची. पालीजवळच्या दूध सोसायटीच्या कुरणात वनखात्यानं जखमी जनावरांसाठी हरणवाडा काढला होता, तिथला हा जुना राखणदार. शीळ ऐकायला शाळेची पोरं यायची, पाहुणे यायचे आणि मैनुद्दीनची मान ताठ व्हायची. आता एवढं कवतिक होत असल्यावर कुणाची होणार नाही?

पण गेल्या उन्हाळ्यात त्याच शिळेनं घात केला. बाटलीनं दूध पाजून वाढवलेली राणी नावाची हरणी त्यानं माळावर सोडली होती. धरण आटलेलं, माळावर हिरवं पान नाही. एक मेंढपाळ आपल्या मेंढरांना शीळ घालत होता. राणीला वाटलं, आपलाच माणूस बोलावतोय. गेली सरळ, आणि मेंढपाळाच्या कुत्र्यांनी तिला जागेवर फाडलं. मैनुद्दीननं तिला स्वतःच्या हातांनी उचलून आणलं आणि पुरलं.

त्यात खात्यानं पुण्याला प्रशिक्षणाला पाठवलं, तेव्हा तो भडकलाच. "सारी उमर जनावरांत गेली, आता मला काय शिकवता?" बरोबर सत्यभामा होती, हरणवाड्यातली दुसरी राखणदार, वयानं त्याच्या लेकीएवढी. तिथं शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, माळावर सोडायचं जनावर माणसाला भ्यालंच पाहिजे, लाडानं वाढवलेलं बाहेर टिकत नाही. मैनुद्दीन भर वर्गात उठून उभा राहिला.

"म्हणजे राणीला मीच मारलं म्हणा की!"

बाईंनी मान खाली घातली. येताना एसटीत तो सत्यभामेला म्हणाला, "पोरी, आता जे पाडस येईल त्याला माझं तोंड दिसणार न्हाई. आवाज न्हाई, हात न्हाई. खुदा कसम."

महिनाभरात लिंबागणेशच्या एका कोरड्या विहिरीतून काळविटाचं पाडस काढून आणलं. मैनुद्दीननं वाड्याला चारी बाजूंनी गोणपाटं बांधली आणि त्यातल्या भोकातून बाटली पुढं करायला लागला. नाव ठेवलं नाही. आणि एक अवघड काम त्यानं स्वतःच्या डोक्यानं काढलं. मधूनमधून तो गोणपाटाआडून शीळ घालायचा, तीच जुनी, लाडाची, आणि शीळ संपायच्या आत सत्यभामा दुधाचा रिकामा कॅन दगडानं बडवायची. पाडस भेदरून पार दुसऱ्या टोकाला जायचं. मैनुद्दीन तिथंच मटकन बसायचा.

"चाचा, लई जीव जळतो तुमचा. बंद करू का?"

"बडव. थांबलीस तर बघ."

पाडस वाढलं, शिंगांचे कोंब फुटले; वाड्यात आता तेवढं एकच हरीण होतं. तोवर दुष्काळ आणखी पेटला आणि सोसायटीनं कुरणाच्या दुसऱ्या अंगाला चारा छावणी उघडायची ठरवली. चेअरमन आप्पाराव हरणवाड्यावर आले.

"मैनूभाई, उद्घाटनाला मोठे पाहुणे येणारेत. तुझी शीळ झाली पायजे. हरणानं हातातलं खाल्लं की फोटो निघंल, छावणीचं नाव होईल."

"चेअरमनसाहेब, याला माणसाची सवय न्हाई लावली."

"मग लाव की बे! अजून वेळ हाय. आन् कुणाला दाखवताच येत नसंल तर हा वाडा ठेवायचा तरी कावून? आमाला कडबा ठेवायला जागा न्हाई."

सत्यभामेला पेच कळला. पाडसाला माणसाची सवय लावली तर त्याची राणी होणार, नाही लावली तर वाडाच जाणार. मैनुद्दीननं मात्र शांतपणे विचारलं, "शीळ घालू म्हणता ना? घालतो. पण गोणपाटं काढून, माळाकडचं फाटक उघडं ठेवून. आन् वनखात्याच्या साहेबांना बोलवा. पाडस सोडायच्या वयाचं झालंय, त्याच दिवशी सोडू."

आप्पारावांना वाटलं, सोडलेलं हरीण शीळ ऐकून उघड्या फाटकातून परत येणार, म्हणजे तर बहारच! ते खूश होऊन गेले.

उद्घाटनाला ही गर्दी. गोणपाटं उतरली. माळावर, सोसायटीनं भरलेल्या हौदापाशी, रानातला कळप उभा होता. सत्यभामेनं सवयीनं कॅन उचलला.

"ठेव खाली," मैनुद्दीन म्हणाला. "माळावर कॅन बडवायला कोण जाणार हाय?"

ती घाबरली. आजवर शीळ कॅनाशिवाय कधी झालीच नव्हती. मैनुद्दीन पुढं झाला. पाडसानं त्याचं तोंड पहिल्यांदाच बघितलं. पाणीदार डोळे, अगदी राणीसारखे. जा रे बाबा, माझं काही ऐकू नको, असं मनात म्हणत मैनुद्दीननं शीळ घातली. तीच, जीव ओतून.

पाडसाचे कान टवकारले. क्षणभर ते जागचं हललं नाही. आणि मग उसळलं, उघड्या फाटकातून जे सुटलं ते थेट कळपात.

"आरं, हे तर पळालं!" आप्पाराव ओरडले. "पाहुण्यांना आता काय दाखवू?"

"हेच दाखवा, साहेब!" मैनुद्दीन हसत होता आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. "पळालं! माझ्या शिळेला पळालं!"

वनखात्याचे साहेब पाहुण्यांसमोरच म्हणाले, पुढची पाडसंही याच वाड्यात येतील. आता पाहुण्यांदेखत नाही कसं म्हणणार? आप्पाराव कडब्याला दुसरी जागा बघायला गेले.

माणसं पांगली. ऊन कलतं झालं, तेव्हा माळाच्या कडेनं एक मेंढपाळ मेंढरं घेऊन आला. बरोबर त्याची कुत्री होती. त्यानं शीळ घातली आणि मैनुद्दीनच्या हातातली बादली निसटली. सत्यभामा कुंपणाकडं धावली.

हौदापाशी पाणी पिणाऱ्या कळपात एकच मान झटक्यानं वर झाली. सगळ्यांच्या आधी ते पाडसच पळालं, आणि त्याच्यामागं अख्खा कळप.