चारही डिस्क गैरहजर

कॉम्प्युटर सुरू झाला की काळ्या पडद्यावर आधी चार ओळी उमटत. पहिली डिस्क, दुसरी, तिसरी, चौथी. प्रत्येकीपुढे ती जागेवर असल्याची खूण. पद्माकर सरांना ही हजेरी बघितल्याशिवाय चैन पडत नसे. त्या मंगळवारी सकाळी मात्र एकच ओळ आली : एकही डिस्क सापडली नाही.

छत्तीस वर्षं गणित शिकवून सर निवृत्त झाले आणि पत्नी रेखाताईंना घेऊन मुलाकडे ऑस्ट्रेलियात टूवूंबाला आले. पुढे मुलगा, वरुण, डार्विनच्या एका हॉस्पिटलात कॉम्प्युटरच्या कामावर गेला आणि हे दोघं त्याच्या घरात राहिले. मोटार चालवता येत नाही, बसचा भरवसा नाही. दिवस खायला उठला, तेव्हा सरांनी गराजमध्ये फळा लावला आणि जव्हारकडच्या एका पाड्यावरच्या शाळेसाठी गणिताचे धडे रेकॉर्ड करायला घेतले. तिथे नुपूर नावाची शिक्षिका एकटीच चार वर्ग सांभाळत होती. सहा वर्षांत अर्ध्या-अर्ध्या तासाचे चारशे बारा धडे झाले. नुपूर म्हणायची, झालेत तेवढे तरी पाठवा. पण अर्धी तपासलेली वही मुलांच्या हातात देणं सरांना जन्मात जमलं नव्हतं. शेवटचा धडा संपला आणि सगळे तपासून पाठवायच्या आतच, महिन्याभरात घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरली ती कुजबुज.

सरांचा आवाज आता फक्त त्या चार डिस्कांवर होता. वरुणने त्या चारही कॉम्प्युटरच्या आतल्या एका सर्किट-कार्डाला जोडून दिल्या होत्या. एक बिघडली तर बाकीच्या तिघी तिची उणीव भरून काढतील, असं त्याने समजावलं होतं. म्हणून वेगळी प्रत कुणी केली नाही. चौघींना सांभाळणारं कार्डच दगा देईल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

वरुणने फोनवरून एकेक सांगायचं आणि सरांनी करायचं, असे दोन दिवस गेले. वायर बदलली. कार्ड काढून दुसऱ्या खाचेत बसवलं. एकच डिस्क लावून पाहिली, मग दुसरी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर दोष कुठे ते कळत नाही, हे सरांनी शेकडो पोरांना शिकवलं होतं. प्रत्येक पायरी ते कागदावर लिहीत गेले. हात लावला की डिस्क फिरताना कळे. कार्डाला मात्र ती दिसत नव्हती.

गुरुवारी त्यांनी कार्ड खिडकीपाशी नेऊन भिंगाखाली धरलं. मधल्या काळ्या चौकोनी चिपच्या बारीक पायांमध्ये हिरवट बुरशीसारखं काही साचलं होतं. कडेला लाल-पिवळा डाग.

दसऱ्याला रेखाताईंनी पाटीपूजन केलं होतं. तुमची पाटी आता हीच, म्हणत त्यांनी कॉम्प्युटर पुसला आणि वरवरची पूजा नको म्हणून कडेचं झाकण काढायला लावलं. झाकण सरांनीच काढलं होतं. टॉर्चही त्यांनीच धरला होता. ओल्या हळदकुंकवाचं बोट नेमकं तिथे टेकलं होतं.

डिस्क ब्रिस्बेनच्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेल्या. तीन आठवड्यांनी वरुणचा फोन आला. कार्ड मरता मरता डिस्कांवर वाटेल ते लिहीत सुटलं होतं. धड एकही धडा निघणार नाही.

"सॉरी बाबा," तो म्हणाला. "मी दुसरी कॉपी ठेवायला हवी होती."

रेखाताई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "अहो, पण मुळात झालं कशाने?"

कार्ड जुनं होतं, एवढं म्हणून भागलं असतं. पण विद्यार्थ्याने कारण विचारलं आणि सरांनी खोटं सांगितलं, असं कधी झालं नव्हतं.

"दसऱ्याचं कुंकू," ते कुजबुजले. "ओलं होतं. मलाही सुचलं नाही."

रेखाताईंनी हातातला टॉवेल पुन्हा उलगडला, पुन्हा घडी घातली. सरांनी नुपूरला निरोप लिहिला. धडे येणार नाहीत, मुलांना काय ते सांग. तिचं लगेच उत्तर आलं : बरं सर. तब्येतीला जपा.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेखाताई गराजमध्ये येऊन फळ्यासमोर उभ्या राहिल्या. "तुम्ही कानात सांगा," त्या म्हणाल्या, "मी बोलते."

गणिताच्या नावाने त्यांनी सातवीतच हात टेकले होते. सरांनी मोबाईल समोर लावला, पहिलं वाक्य सांगितलं. त्यांनी ते म्हटलं, दुसरं विसरल्या, तिसरं उलटं म्हटलं. "शून्य म्हणजे काहीच नाही, मग ते लिहायचं कशाला हो?" त्यांनी मध्येच विचारलं. सर समजावत राहिले, तर घसा चिरत गेला. पत्र्यामुळे गराज तापलं होतं. पाच वाजेपर्यंत पहिल्या धड्याची तीन मिनिटं झाली, त्यातही दोन चुका.

"जमेल ना?" रेखाताईंनी कपाळावरचा घाम पुसत विचारलं. "रोज थोडं थोडं केलं तर?"

सर चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. राहिलेले धडे, रोजची तीन मिनिटं. भागाकार त्यांनी मनातल्या मनात केला. उत्तर रेखाताईंना सांगितलं नाही. ओलं फडकं घेतलं आणि उद्यासाठी फळा पुसला.