तळाशी राहिलेलं विरजण

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली बिअरचा कारखाना आमचं गाव सोडून गेला. बाटलीवर गावाचं नाव होतं, ते मात्र बरोबर नेलं. कारण काय, तर बंदर जवळ पडतं. सत्तर वर्षं आमच्या नदीचं पाणी उपसलं, तेव्हा बंदर कुठे गेलं होतं कोण जाणे.

हलवाहलवीवर नेमला माझा सख्खा थोरला भाऊ. तो व्यवस्थापक, माझे यजमान आंबवणीच्या खोलीतले मुख्य कारागीर आणि मी कँटीनमध्ये. यजमानांनी बरोबर जायला नकार दिला. ते जुन्या बर्फाच्या कारखान्यात स्वतःची छोटी भट्टी घालणार होते. पिंपं मिळाली, माणसं मिळाली. अडलं ते यीस्टपाशी. पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं ते यीस्ट, बिअरला चव त्याचीच. ते कंपनीच्या मालकीचं, एक थेंब बाहेर जाणार नाही, असं दादाने सर्वांसमोर सांगितलं.

यीस्टला आम्ही विरजणच म्हणायचो. लोकांच्या आनंदावर विरजण पडतं. आमच्याकडे ते पडल्याशिवाय आनंदच नव्हता.

खोलीला कुलूप लागायच्या आदल्या दिवशी यजमानांनी एक डबा भरून माझ्या कँटीनमधल्या फ्रिजमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो पिशवीत घालून निघाले. फाटकावर परगावचा नवा पहारेकरी हातात यादी घेऊन उभा. डब्यात काय, विचारलं. विरजण, म्हटलं. यादीत यीस्ट होतं, विरजण नव्हतं. त्याने जा म्हणून मान हलवली.

पण मागे दादा होता, आणि तो याच गावात वाढलेला.

"ठमे, झाकण काढ."

"दह्याचं आहे, दादा." झाकणाच्या कडेशी बुडबुडे फुटत होते.

"दही कधीपासून फसफसायला लागलं?"

त्याने डबा हिसकावला, गटारात उपडा केला, बुडावर दोन थापा मारल्या आणि रिकामा माझ्या हातात दिला.

"जावईबापूंना सांग, आता ताक प्या म्हणावं."

पहारेकरी हसला. मी झाकण लावून डबा पिशवीत ठेवला. दादाने जन्मात कधी दूध विरजलं नव्हतं. आधी आईने हातात दह्याची वाटी दिली, मग वहिनीने. कडेला चिकटलेलं चमचाभरही पुरतं, हे त्याच्या गावी नव्हतं.

घरी यजमान रिकामा डबा बघून तो मोरीत ठेवायला निघाले. धुऊ नका, एवढंच मी म्हणाले. माल्टचं गोड पाणी उकळून, गार करून त्यात ओतलं. दोन दिवस काहीच हललं नाही. तिसऱ्या सकाळी फेसाने झाकण उचललं होतं.

भट्टी चालली. तरी अर्धं गाव बाटलीवरचं नाव वाचून परगावची बिअर विकत घ्यायचं आणि आमच्या बाटलीला नाकं मुरडायचं. त्यांना मी अजून माफ केलेलं नाही. पहारेकऱ्याला कंपनीने इथेच सोडलं. तो आमच्याकडे बाटल्या धुवायला लागला आणि म्हातारा होईपर्यंत राहिला. दादाला त्यांनी बंदराच्या गावी नेऊन पाच वर्षांत घरी बसवलं. पुढे तो अंथरुणाला खिळला. त्याला आमच्या भट्टीची बिअर हवी आहे, असं वहिनीने लिहिलं. मी पाठवली नाही. तो गेल्याचं भाच्याने कळवलं. यजमान जाऊन बारा वर्षं झाली. भट्टी आता लेक बघते. चव घ्यायला बोलावते, पण मला दातांमुळे गार सोसत नाही.