एक वार झेलणारी ढाल

सर्वशक्तिमान पुरुषापुढे राजे झुकतात, पर्वत वाट देतात आणि काळसुद्धा दोन पावलं मागे सरतो. मास्तरांच्या माहितीतला सर्वशक्तिमान पुरुष आठवडाभर लोकांचे दात उपटायचा आणि रविवारी दुपारी आपल्याच दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत, राक्षस मारायचा. तो मास्तरांच्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. त्यामुळे त्याला काही बोलायची सोय नव्हती.

मास्तर म्हणजे शिक्षक नव्हेत; ते छापखान्यात प्रुफं तपासायचे. रविवारच्या खेळात गोष्ट रचून सांगायचं काम त्यांचं, म्हणून मास्तर. बाकीचे तिघे त्या गोष्टीतली पात्रं व्हायचे आणि कोण जगलं, कोण मेलं हे वीस बाजूंचा फासा ठरवायचा. भावजी योद्धा, ताई चेटकीण आणि नळदुरुस्तीवाला चोर.

घात केला तो एका शब्दाने. जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांभोवती तांबडी वर्तुळं काढणाऱ्या मास्तरांनी भावजींच्या ढालीच्या चिठ्ठीवर लिहिलं: 'ही ढाल एक वार झेलते.'

"वार म्हणजे सोमवार, मंगळवार," भावजी म्हणाले. "मी रविवार घेतला."

"अहो भावजी, वार म्हणजे घाव!"

"मग घाव लिहायचंस."

खेळ असायचा फक्त रविवारी. तेव्हापासून भावजींना ओरखडासुद्धा आला नाही. सात तोंडांचा अजगर सातही डोकी ढालीवर आपटून मेला. मास्तरांनी रीतसर शुद्धिपत्र काढलं, 'वार'ऐवजी 'घाव' वाचावे. भावजींनी त्याची घडी घालून ती डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली.

दोन महिन्यांनी नळवाल्याने हात टेकले. "मास्तर, आपला आज शेवटचा रविवार. सगळे राक्षस यांनीच मारायचे, तर मी काय खुर्ची उबवायला येतो?"

"मग मीही नाही येत," ताई म्हणाली. "यांचा पराक्रम मी घरी रोज ऐकते."

लोक आपलं ऐकतात अशी मास्तरांची आठवड्यात एवढी एकच दुपार होती. ते घोटभर पाणी प्याले आणि त्यांनी घसा खाकरला.

"गावाच्या तळघरात राक्षस जागा झालाय. पण भावजी, तुम्हाला तिकडे जाता येणार नाही. गावाने तुमचा जाहीर सत्कार ठेवलाय."

भावजी सावरून बसले. "बोलणार किती जण?"

"अकरा."

"अध्यक्ष धरून?"

स्तुतीपुढे ढाल कोण धरतो! मास्तर एका दमात गावप्रमुखाचं भाषण ठोकायचे आणि दुसऱ्या दमात तळघरात उतरायचे. तिथे ताईचा मंत्र फसला, नळवाल्याच्या फाशावर नेमका एक पडला आणि राक्षसाने दोघांना चार मिनिटांत गिळलं.

"मेलो!" नळवाला टुणकन उठला. "दोन महिन्यांत पहिल्यांदा मेलो! मास्तर, पुढच्या रविवारी मी कोण होऊ?"

"मला आधी विचारू दे," ताई म्हणाली. "मी तुझ्या आधी मेले."

"जरा हळू बोला," भावजी म्हणाले. "खजिनदार माझ्याबद्दल बोलतायत."

अकराव्या भाषणानंतर राक्षस वर आला आणि त्याने अध्यक्षांसकट सगळं गाव खाल्लं. रविवार होता, म्हणून भावजी तेवढे उरले.