पुराव्याची चादर

"खबरदार त्या चादरीला हात लावाल तर!" परटीण ओरडली, आणि मी हातातलं सूप टाकून कुंपणापाशी धावले. शेजारी भांडण लागलं की मला आत बसवत नाही, खोटं कशाला बोला.

दोरीवर चादर लोंबत होती. मूळची पांढरी, पण आता चुलीमागच्या भिंतीसारखी झालेली. एक टोक परटिणीच्या हातात, दुसरं तिच्या सासूच्या.

"अगं, परटाचं घर हे," सासू म्हणत होती. "आणि दारात असलं फडकं? लोक म्हणतील, यांची स्वतःची चादर धुवून होत नाही, आमची काय धुणार!"

"म्हणू देत. आत्याबाई, हे फडकं नाही, पुरावा आहे. साहेब येऊन बघेपर्यंत ती अशीच राहणार."

"पुरावा म्हणे! माझ्या सासूनं बघितलं असतं तर चादरीबरोबर मलाच आपटलं असतं दगडावर."

म्हातारीनं टोक सोडलं, तोंड नाही मिटलं. संध्याकाळपर्यंत पुटपुटत होती.

आता माळावरच्या त्या कारखान्याचं सांगते. तो आला तेव्हा टाळ्या आम्हीच वाजवल्या. पोरांना काम मिळेल म्हणून. काम मिळालं बाहेरच्यांना आणि आमच्या वाट्याला आली काजळी. सकाळी अंगण झाडावं तर दुपारी पुन्हा काळं. वांग्याच्या पानावर बोट फिरवलं की बोट काळं, दुधावर साय धरायच्या आधी काजळी धरलेली. परटिणीचा तर धंदाच बसला. धुतलेलं वाळेपर्यंत मळायचं, मग गिऱ्हाईक तिच्याच अंगावर यायचं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

पण धंद्यासाठी ती रडत नव्हती. तिची लेक, एवढीशी पोर, उन्हाळ्यापासून धापा टाकत होती. आडवं म्हणून पडता यायचं नाही तिला, भिंतीला टेकून बसायची. चार शब्द बोलली की पाचव्याला दम संपायचा. डॉक्टर म्हणाला, "हिला इथनं हलवा, नाहीतर धूर तरी हलवा." पोरीला हलवणार कुठं? विहीर इथं, धुण्याचा दगड इथं, गिऱ्हाइकांची घरं इथली. मग परटिणीनं धूर हलवायचं मनावर घेतलं. नवरा मुलखाचा भिडस्त, म्हणून हीच पुढं झाली. लोहार, मी, मास्तर, सगळ्यांना तिनं दावणीला बांधल्यासारखं मागं ओढलं. कचेरीत एक म्हणायचा पलीकडच्या खोलीत जा, पलीकडचा म्हणायचा आज साहेब नाहीत. चपला झिजल्या, पण बाई हटली नाही. शेवटी एक साहेब कबूल झाला. येतो, बघतो. काजळी डोळ्यांना दिसली तर तसं लिहीन, मग कारखान्याला धुराड्यावर गाळणी बसवावीच लागेल. नाही दिसली तर तक्रार बंद.

म्हणून ती चादर.

साहेब यायच्या दिवशी म्हाताऱ्या सोडून आम्ही झाडून सगळे फाट्यावर जाऊन उभे राहिलो. ऊन मी म्हणत होतं. लोहारानं माळाकडं बोट केलं. धुराड्यातनं धुराची रेघ नाही! उभं होतं आपलं, धुतल्या तांदळासारखं.

"मेल्यानं आज उपास धरलाय," लोहार म्हणाला.

"धरू दे," परटीण म्हणाली. "चादर आहे ना. एका दिवसाच्या उपासानं ती थोडीच पांढरी होणार आहे!"

साहेब आला तो कारखान्याच्या गाडीतनं. शेजारी कारखान्याचा मॅनेजर. "चोर चोर मावसभाऊ," लोहार पुटपुटला, आणि मी त्याला कोपरानं ढोसलं. पुढं परटीण, मागं साहेब, असे आम्ही गल्लीत शिरलो.

गल्ली लख्ख होती. दारोदार पाणी मारलेलं, ओटे धुतलेले, कुंपणावरची पानंसुद्धा पुसलेली. घरी राहिलेल्या म्हाताऱ्या नटून-थटून दारात उभ्या. आमच्याकडे पाहुणा यायचा म्हटलं की हात आपोआप झाडूकडं जातो, त्याला काय करणार! आणि परटिणीच्या अंगणात ती चादर. पांढरीशुभ्र. नीळसुद्धा घातलेली. अजून टपटप गळत होती.

मॅनेजर पुढं झाला. चादरीचा काठ त्यानं दोन बोटांत धरला.

"बघा साहेब. आमच्या धुराड्याखाली वाळतेय, आणि रंग बघा."

आणि परटिणीची म्हातारी सासू पदर सावरून म्हणाली, "आमच्या घरच्या धुण्याला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही, साहेब!"

परटीण खांबाला धरून उभी राहिली. मग एकदम म्हणाली, "साहेब, ही काळी होती. सकाळपर्यंत काळी होती."

"असेल. पण मी आत्ता काय बघतोय?"

"होती की, काळीकुट्ट होती!" म्हातारी म्हणाली. "मीच धुतली. चार पाण्यांतनं काढली तेव्हा उजळली."

"मग ते पाणी दाखवा!" लोहार ओरडला. "कुठाय ते पाणी, आजी?"

"ओतलं वांग्यांना. घाण पाणी पाहुण्यापुढं ठेवतात का रे?"

कुणीतरी हसलं. साहेब नाही हसला, तेवढं त्याचं चांगलं. परटिणीनं आतनं लेकीला उचलून आणलं आणि त्याच्यापुढं धरलं. पोरीची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. साहेबानं पोरीकडं बघितलं, मग खाली बघितलं.

"बाई, दमा कशानंही होतो. मला काजळी दिसली तरच लिहिता येतं."

गाडी गेली. गल्ली हळूहळू पांगली. म्हातारी आमच्या तोंडांकडं टकमक बघत राहिली.

"अगं, एवढं उंच धुराडं," ती म्हणाली. "ते त्याला दिसणारच होतं की. मी म्हटलं, आपलं घर कशाला मळकं दाखवायचं?"

पोर खोकली, आणि तेव्हा कुठं म्हातारीला उमगलं. मटकन खाली बसली.

"मीच घालवलं गं. माझ्या हातानं घालवलं."

मला वाटलं, आता परटीण तिचा उद्धार करणार. मी असते तर केला असता. पण ती सासूशेजारी बसली, पोर मांडीवर घेऊन.

"उगी, आत्याबाई. जन्मभर धुतच आलो आपण. धुतलं म्हणून तुम्हाला कुठल्या तोंडानं बोलू?"

"परत कधी येणार तो साहेब?"

"आता नाही येणार."

ऊन कलायच्या आत धुराडं पेटलं. वारा आमच्याच अंगावर होता. चादर वाळत आली होती, तिच्यावर एक काळा ठिपका पडला, मग दुसरा, मग मोजायचं कारण उरलं नाही. म्हातारी उठून दोरीपाशी गेली. सवयीनं तिचा हात चादर झटकायला वर गेला. दुसऱ्या हातानं तिनं तो मनगटाला धरला, खाली ओढला आणि तशीच उभी राहिली.